आधी रडून दाखवा

शमसुन्निसाचं दुखणं कुणाला दिसत नव्हतं, यात सगळा दोष शमसुन्निसाचाच होता. दुखण्याचे आपल्याकडे कायदे ठरलेले आहेत. हात मोडला तर तो गळ्यात बांधून गावभर फिरवावा. पाय गेला तर काठी घ्यावी. पाठीच्या मणक्यात कुणी दिवसरात्र तापलेली सळई फिरवत असेल तर निदान कण्हावं, चार लोकांत पदर डोळ्याला लावावा. ही बाई हसायची. मग लोकांनी काय तिच्या पाठीत वाकून बघायचं?

हसायची, कारण धंदाच तसा. भामरागडच्या बाजारात ती बांगड्या भरायची. ताठ हातात काचेची बांगडी जात नाही. आधी साबणाच्या पाण्यानं हात मऊ करायचा, मग अंगठ्याखालचं हाड तळव्यात दाबायचं, आणि दाबायच्या नेमक्या त्या क्षणाला काहीतरी चावट बोलायचं. समोरची फिसकन हसते, हात सैल पडतो, बांगडी मनगटात जाते. तिला दुखलं होतं हे तिला घरी गेल्यावर कळतं. पण भरणारीच्या कपाळावर आठी दिसली तर समोरची घाबरते, हात ओढते, काच फुटते. फुटली असं म्हणायचंही नाही, वाढली म्हणायचं, आणि नवरा धडधाकट असताना बांगडी वाढवली म्हणून पुढचे चार बाजार शिव्या खायच्या.

लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात दटावलं होतं, "रोना है तो घर में रो, बाजार में नही." घरात रडायला गेली तर घरात सासू होती. असं करत करत बाईचं तोंड हसऱ्याच साच्यात बसून गेलं. सासू गेली, तोंड राहिलं.

मग एका उन्हाळ्यात आलापल्लीहून येणारी काळी-पिवळी जीप उलटली. जीपमध्ये माणसं किती होती ते विचारू नये. आत, टपावर, मागं लोंबकळत, आणि सगळ्यांच्या खाली शमसुन्निसा, अन् तिच्यावर तांदळाचं पोतं. बाकीच्यांना रक्त निघालं, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. हिला रक्त निघालं नाही. उठली, पदर झटकला आणि पहिलं विचारलं, "बांगड्याईची पेटी फुटली का माही?" लोक म्हणाले, बाई नशिबाची.

नशिबाच्या बाईला महिन्याभरात उठता येईना. चंद्रपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, "मणका दबलाय" म्हणाले, आणि सल्ला दिला. ओझं उचलू नका. जमिनीवर बसू नका. वाकू नका. प्रवास करू नका. म्हणजे एका दमात त्यांनी तिचा सगळा धंदा बिनचूक सांगितला, फक्त प्रत्येकाच्या शेवटी "नका" लावलं. आणि एक निळी कॅप्सूल दिली. पंधरा दिवस घ्या म्हणाले.

त्या कॅप्सूलनं दुखणं जात नव्हतं, हे खरं. पण ते शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं. तिथून खोकायचं, मी आहे म्हणून सांगायचं, पण अंगावर धावून यायचं नाही. तेवढ्या वेळात बाजार व्हायचा. पंधरा दिवसांनी ती परत गेली. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "चालू ठेवा." पुढच्या साली गेली, "चालू ठेवा." त्याच्या पुढच्या साली डॉक्टर फोनवर बोलत होते, त्यांनी हातानंच चालू ठेवा केलं. जगात इतकी वर्षं दुसरं काही इतक्या शिस्तीत चालू राहिलेलं नाही.

कॅप्सूल कशाची आहे हे सांगितलं ते चंद्रपूरच्या औषधाच्या दुकानातल्या नदीमनं. लांबच्या नात्यातला पोरगा, तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचा. तोही बोलला कधी, तर बरीच वर्षं पुड्या बांधून झाल्यावर. "खाला, ये अफूच्या खानदानातली चीज आहे. एकदम बंद नका करू हां. करायची तर हळूहळू."

"बंद करायची हे कोन बोललं? अन् डाक्टरनं काऊन नाई सांगतलं मले?"

"तुमी विचारलं का त्याईले?"

हे बाकी खरं. रोग्यानं सगळं विचारून घ्यावं. डॉक्टरांना किती कामं असतात.

नदीमचं म्हणणं खरं निघायला एक पावसाळा लागला. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा जगाशी संबंध संपतो. तेव्हा लोक मीठ, तेल, तांदूळ, रॉकेल भरून ठेवतात. शमसुन्निसानं त्या साली औषध कमी भरलं, आणि ऐन आषाढात ते संपलं. मग जे झालं त्याला तिच्याकडं नाव नव्हतं. घाम, थंडी, पोटात पिळा, नाकाला धार, पाय आपोआप झटके मारून राह्यले, आणि या सगळ्याच्या वर ती पाठ, इतक्या वर्षांची थकबाकी वसूल करायला आलेली. नवरा लियाकत, सायकल दुरुस्तीवाला माणूस, त्यानं पाहिलं आणि निदान केलं: मलेरिया. गडचिरोली जिल्ह्यात माणसाला काहीही झालं तरी मलेरियाच होतो. मलेरियाच्या माणसानं कडू गोळ्या दिल्या, बोटातून रक्त नेलं, त्या रक्ताचा निकाल दिवाळीत आला. मलेरिया नव्हता. तोवर कुणाला आठवतही नव्हतं की हा कशाचा निकाल.

तेव्हापासून तिनं एक गोष्ट ठरवली होती. पूल बुडायच्या आत सगळ्या पावसाळ्याचं औषध घरात पाहिजे. बाकी काही नसलं तरी चालेल.

तर हे कारगिलच्या साली घडलं. जूनच्या शेवटी ती चंद्रपूरहून माल घेऊन निघाली. सुतळीत ओवलेल्या बांगड्यांच्या जुड्या, खोक्यात रचलेल्या. जुडीच्या मधे पोकळी असते. तिथं दरवेळी ती कागदाचे बोळे कोंबायची, म्हणजे खड्ड्यांत काच काचेवर आपटत नाही. यंदा तिनं त्या पोकळीत कॅप्सूलच्या पट्ट्या गुंडाळून बसवल्या. काच वाचते, आणि कॅप्सूल पिशवीत कुणाच्या पायाखाली चेंगरत नाहीत. शिवाय, खोटं काऊन बोला, लोकांना दिसतही नाहीत. बाजारात तिच्याबद्दल "गोळ्या खाते" अशी कुजबुज सुरू झाली होती. दारू पिणारे बोलायचे ते जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलापल्लीला तिनं एक निळी गिळली आणि भामरागडच्या एसटीत बसली. तो रस्ता औषधाशिवाय बसण्याचा नाही. आभाळ खाली आलं होतं, ड्रायव्हर घाईत होता. शेजारी बायनाबाई, भामरागडच्याच एका टोल्यावरच्या वस्तीतली गोंडीण, शमसुन्निसाची जुनी गिऱ्हाईक. मागं पत्रू गुरुजी, शाळा सुरू होणार म्हणून नाइलाजानं परत निघालेले.

अर्ध्या जंगलात पोलिसांचा नाका होता. सगळे खाली उतरा, सामान उघडा. नेहमीचंच. नाक्यावरचे साहेब नवे होते, तिकडचे, पुण्याच्याही पलीकडचे. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, हे सरकार स्वतः मानतं. इथं जन्मलेल्यांनी काय गुन्हा केला होता ते मात्र सांगत नाही. तिकडे बर्फात लढाई चालू होती आणि आपण इथं डासांत बसलो आहोत, याचं साहेबांना वाईट वाटत असावं. लढाई इथंही सापडली तर त्यांना हवीच होती.

लटारू शिपायानं खोकं उघडलं. लटारू इकडचाच. त्यानं जुडी उचलली, पोकळीत बोट घातलं, आणि जादूगारासारखी पट्टी बाहेर ओढली. मग दुसऱ्या जुडीतून दुसरी. काढतच राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "बांगड्याईत तं दवाखाना हाये."

साहेब उठून आले. "एवढं औषध? कुणासाठी?"

"माह्यासाठी, साहेब. पावसाळ्याचं हाये. पूल बुडते ना आमच्याकडं."

"लपवून कशाला आणलं?"

"लपवलं नाई. काच फुटू नये म्हनून."

"वा. औषध घालून बांगड्या वाचवता." साहेबांनी पट्टी उजेडाला धरली, डॉक्टरांनी फोटो धरला होता तशीच. "ही दुखण्याची गोळी आहे. गोळी लागलेल्या माणसाला देतात. जंगलात कुणाला लागली आहे?"

"मलेच लागते, साहेब. पाठ दुखते माही."

साहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. आलापल्लीची कॅप्सूल रंगात होती. बाई ताठ उभी, पदर नीट, तोंडावर ते हसू.

"तुमची? तुम्हाला तर काहीच झालेलं दिसत नाही."

एरवी तोंड न उघडणाऱ्या बायनाबाईनं इथं तोंड उघडलं. साहेबांच्या तिकडच्या मराठीतलं तिला एवढंच समजलं होतं की साहेब बाईला आजारी ठरवू पाहत आहेत, आणि पोलीस जे ठरवू पाहतो ते आपण होऊ द्यायचं नसतं. हे या भागात लहान पोरालाही कळतं.

"नाई जी साहेब," ती म्हणाली. "या बाईले काईच नाई होत. बाजारात दिसभर बसते, दिसभर हासते. आमाले हासवते. कदी आई म्हनलं नाई तिनं."

"बघा," साहेब म्हणाले.

पत्रू गुरुजींनाही वाटलं, शिकलेल्या माणसानं मागं राहू नये. "साहेब, बाई एकदम ठणठणीत आहे. तिचं खोकं ती स्वतः डोक्यावर नेते. मी लेखी देतो पाहिजे तर."

कंडक्टरनं सांगितलं, बाईला त्यानं चार तासांच्या प्रवासात कधी कुरकुरताना पाहिलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, गाडीत सगळे ओकतात, ही ओकत नाही. सगळी गाडी तिच्या तब्येतीची जामीन राहिली. इतक्या लोकांनी इतक्या प्रेमानं कुणाला क्वचितच खड्ड्यात घातलं असेल.

"म्हणजे निरोगी बाई," साहेबांनी हिशोब मांडला, "आणि जंगलात चाललेली पेटीभर औषधं. नक्षल्यांच्या दलमला पोचवायची होती, होय ना?"

"दलमवाले माह्यापासून बांगड्या बी घेत नाई, साहेब."

लटारू हसला आणि लगेच खोकला. साहेबांनी गाडी सोडली, बाई ठेवून घेतली. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. बायनाबाई खिडकीतून वाकून कानाशी येऊन म्हणाली, "भिऊ नको वो बाई. आमी सांगतलं ना साहेबाले, तुले काईच नाई झालं म्हनून." आणि गाडी गेली.

शमसुन्निसा बाकावर बसली. समोरच्या टेबलावर तिच्या पट्ट्या, रचलेल्या. दुपार झाली तशी तिनं हात जोडले, "साहेब, एक द्या. माह्या घ्यायचा टाइम झाला."

"पुराव्याला हात लावता येत नाही."

मग तिच्या लक्षात आलं की काही करायची गरजच नाही. साहेबांना पुरावा पाहिजे ना? तो आपल्या पायांनी चालत येतच होता. शेजारच्या खोलीतलं दुखणं उठलं, दार ढकललं, आत आलं. मणक्यातून कळ निघाली ती मांडीतून पोटरीत उतरली. आत्ता रड, तिनं स्वतःला सांगितलं. आत्ताच रड, हाच टाइम हाये. पण तोंड ऐकेना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दुखण्यावर हसायला लावलेलं तोंड, ते स्वतःच्या दुखण्यावरही तसंच हसत राहिलं.

संध्याकाळ होत आली तशी तिला जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा.

"कंटाळा आला का आमचा?" साहेब म्हणाले.

"नाई साहेब, होत नाई आवर." तिला शिंका आल्या. नाकाला धार लागली. पोलक्याची पाठ घामानं भिजली, आणि त्याच घामात तिला थंडी वाजायला लागली. पाय झटके देऊ लागले, बाक खडखडायला लागला.

लटारू जवळ येऊन बघून गेला. "साहेब, आमच्या गावात एक टरक डायवर होता, अफीम खाये. नाई भेटली का असाच करे."

साहेबांचा चेहरा उजळला. कोडं सुटलं होतं. "म्हणजे ही दलमची नाही. ही नशेबाज आहे!"

शमसुन्निसाची बढती झाली. सकाळी देशद्रोही होती, संध्याकाळी गर्दुल्ली झाली. रोगी व्हायची जागा मधे कुठंतरी होती, तिथं गाडी थांबली नाही.

"डाक्टरनं लिहून देल्ली, साहेब. दरसाली लिहून देते."

"डॉक्टर औषध देतात. सवय आपण लावून घेतो." साहेब आता मायेनं बोलत होते. "मनाचा निग्रह करा. योगासनं करा. तुमच्या भल्यासाठीच सांगतो, ह्या गोळ्या तुम्हाला परत देणं म्हणजे पाप आहे." आणि पट्ट्या ओढून घेताना त्यांचा हात थांबला. त्यांनी आवाज खाली आणला. "ही कमरेला चालते का?"

"चालते."

"नाही म्हणजे, ह्या रस्त्यावर जीपनं फिरून फिरून माझीही कंबर..." त्यांनी दोन पट्ट्या खिशात घातल्या.

लटारूला आपला गुडघा आठवला. त्यानं एक पट्टी घेतली, मग सासूचा गुडघा आठवला, दुसरी घेतली. आतून स्वयंपाकाचा माणूस गालाला हात लावून आला, दाढ म्हणाला. पहारा बदलायला आलेले दोघं, एकाचं डोकं, एकाचं सगळं अंग. बघता बघता नाक्यावर सगळ्यांचंच दुखायला लागलं. आणि मौज अशी की कुणीच कुणाला विचारलं नाही, खरंच दुखतं का म्हणून. माणसानं सांगितलं, बाकीच्यांनी मान हलवली, पट्टी गेली. इतकं सोपं होतं ते.

शमसुन्निसा बघत होती. ती पट्ट्या बघत नव्हती, पावसाळा बघत होती. आषाढ गेला. श्रावण गेला. साहेबांनी पुन्हा हात पुढं केला, "एक बायकोसाठी घेतो, तिचं डोकं..." आणि भादव्यावर हात ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचं दुखते कुठी?"

"कमरेत. इथं. खाली पायापर्यंत कळ जाते."

"दिसून तं नाई राह्यलं."

"काय?"

"दिसत नाई म्हनते मी. बसले हा चांगले खुर्चीवर. च्या पेता. हासता." तिचे दात वाजत होते, पण आवाज कापत नव्हता. "पट्टी पाहिजे तं घ्या. पन आधी रडून दाखवा."

लटारूनं भिंतीकडं तोंड केलं. साहेबांना राग आला, आणि रागात माणूस कधी कधी खरं बोलून जातो. "बाई, मला काय खोटं बोलायची हौस आहे? दुखतं म्हणून सांगतोय!"

"हो ना जी," शमसुन्निसा म्हणाली. "तेच तं मी सकाळपासून सांगून राह्यली."

मग साहेबांनी हातातली पट्टी टेबलावर टाकली आणि उरलेला ढीग तिच्याकडं ढकलला. "न्या," म्हणाले. तिनं तिथंच एक फोडली आणि पाण्याशिवाय गिळली. खिशात गेलेल्या पट्ट्या मात्र कुणी बाहेर काढल्या नाहीत. त्यांचं खरंच दुखत होतं ना.

सकाळी मिठाचा ट्रक आला, त्यानं तिला पर्लकोटेच्या काठावर सोडलं. पूल दिसत नव्हता. लाल पाणी, त्यात वाहून चाललेली झाडं. डोंगेवाल्यानं शेवटची फेरी म्हणून सांगितलं. डोंग्यातून उतरून तिनं खोकं डोक्यावर घेतलं आणि चिखलातून चालत घर गाठलं. दारात लियाकत.

"चुडियां सलामत है ना?"

"हौ," ती म्हणाली. "चुडियां सलामत है."

चहा पिताना तिनं पट्ट्या मांडल्या. अर्धा पावसाळा होता. नदीम म्हणाला होता, एकदम बंद नका करू, हळूहळू. ठीक आहे. रोजच्या दोनाची एक करायची. म्हणजे अर्धा दिवस दुखणं शेजारच्या खोलीत, अर्धा दिवस इथं, अंगावर. ज्या अर्ध्या दिवशी ते अंगावर असेल, त्या अर्ध्या दिवशी तोंडाचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता. तो तिनं बाजारापर्यंत राखून ठेवला.

बाजाराच्या दिवशी उघडीप होती. पहिली आली ती बायनाबाई, हात पुढं करून, खुशीत. "सुटली ना? मी बोलली होती." शमसुन्निसानं साबण लावला, हाड दाबलं. चावट बोलायचा क्षण आला आणि त्याच क्षणी मणक्यातून कळ आली. ती बोलली नाही. तिनं डोकं मागं टाकलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "या अल्ला, मेली रे मी!"

बायनानं हात ओढला. बांगडी वाढली. तांदळाच्या ढिगापलीकडची माणसं उठून उभी राहिली.

"का झालं वो बाई?"

"पाठ दुखते."

"आजपासून?"

"जीप उलटली तवापासून."

बायना तिच्याकडं बघत राहिली. "मंग... मी त्या साहेबाले..." तिनं पायाशी पडलेल्या काचा बाजूला सारल्या, आणि ओढलेला हात पुन्हा पुढं केला. "भर," म्हणाली. "वरडायचं असन तं वरड. मी नाई हालत."

शमसुन्निसा ओरडत ओरडत बांगड्या भरत राहिली. एकही फुटली नाही.

ओरडणं सायकलच्या दुकानापर्यंत गेलं. लियाकत धावत आला, घाबरलेला, खरा घाबरलेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "काऊन ओरडून राह्यली? कालपर्यंत तर बरी होती!" उत्तराची वाट न बघता तो गेला आणि येताना मदत घेऊन आला. मलेरियाचा माणूस, खांद्याला पेटी, हातात काचपट्टी.

"थंडी वाजते का बाई? घाम?"

"पाठ दुखते."

"मलेरियात पाठ बी दुखते." त्यानं तिचं बोट धरलं, पुसलं, सुई टोचली. लाल थेंब वर आला. "लागलं का?"

"लागलं," शमसुन्निसा म्हणाली.

"लागनारच," तो म्हणाला. लियाकतनं च्च केलं. जमलेल्या बायकांनी माना हलवल्या, बिचारी म्हणाल्या. थेंब सगळ्यांना दिसत होता, त्यामुळं यावर कुणाचं दुमत नव्हतं.